वापरलेला फवारणी पंप घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हंगाम तोंडावर आला की हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बहुतेकांनी पंप आधीच पाहून ठेवलेला असतो आणि फक्त "घेऊ का?" एवढंच विचारायचं असतं. त्याचं उत्तर फोटोवरून देता येत नाही. पण स्वच्छ पाणी भरून अर्धा तास पंप चालवला, तर ते तुमचं तुम्हालाच सापडतं. तो अर्धा तास कसा वापरायचा, हे खाली लिहिलं आहे. लहान शेतावरचे पंप डोळ्यांपुढे ठेवले आहेत: पाठीवरचे, बॅटरीचे, पेट्रोलचे, एचटीपी (जमिनीवर ठेवून लांब पाइपनं फवारायचे जास्त दाबाचे पंप) आणि ट्रॅक्टरला जोडायचे छोटे बूम (ओळीनं नोझल बसवलेली आडवी दांडी).

१. वापरलेला पंप घेण्यात अर्थ आहे का, की नवाच घ्यावा?

यंत्र जितकं मोठं, तितका वापरलेलं घेण्यात फायदा. ट्रॅक्टरच्या बूमची चौकट, एचटीपी पंपाचं धड, पितळी फिटिंग, स्टीलची दांडी ही सगळी वर्षानुवर्षं टिकतात. झिजतं ते रबर, नोझल, सील आणि पाइप, आणि हे बदलता येतं. म्हणून अशा यंत्राच्या किमतीत झिजणाऱ्या सगळ्या भागांचा खर्च धरून हिशेब करा. तरीही नव्यापेक्षा बराच फरक उरत असेल तर जरूर घ्या.

हाताच्या साध्या पाठीवरच्या पंपाचं मात्र उलट आहे. टाकी, वॉशर, नळी, ट्रिगर, पट्टे असं सगळंच जवळजवळ एकदम थकतं. दुरुस्तीत नव्या पंपाच्या निम्मे पैसे जाणार असतील तर नवा घ्या, तोही चांगल्या प्रतीचा.

२. माझ्या शेताला कोणत्या प्रकारचा पंप पुरेल?

आधी एका फवारणीला लागणारं पाणी मोजा, पंपाचा विचार त्यानंतर करा. समजा दोन एकर दाट पीक आहे आणि एकरी २०० लिटर पाणी लागतं. म्हणजे ४०० लिटर, म्हणजेच १६ लिटरच्या २५ टाक्या. पंपाचं स्वतःचं वजन धरून जवळपास २० किलो ओझं २५ वेळा पाठीवर चढवायचं, आणि वारा फारसा वाढण्याआधी सकाळच्या दोन-तीन तासांत संपवायचं. एका माणसाचं हे काम नाही.

अर्ध्या-एक एकर भाजीपाल्याला हाताचा किंवा बॅटरीचा पंप पुरतो. त्याहून जास्त क्षेत्राला, उंच झाडांना किंवा चढउताराच्या जमिनीला पिंपात बुडवायची सक्शन नळी आणि लांब पाइप असलेला एचटीपी सोयीचा. माणूस फक्त गन घेऊन फिरतो, ओझं बांधावर राहतं. सरळ ओळींच्या शेतपिकात ट्रॅक्टर फिरत असेल तर बूमसारखं एकसारखं काम दुसऱ्या कशानं होत नाही. दाट पानांच्या फळबागेत आतल्या पानापर्यंत थेंब पोचवायला हवेचा झोत लागतो, तिथे ब्लोअर.

मोठा पंप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. लहान शेतात दर वेळी टाकीत औषध उरतं, आणि उरलेल्या औषधाचं करायचं काय हा प्रश्न दर फवारणीला उभा राहतो.

३. पंप पाहायला जाताना सोबत काय न्यावं?

मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, बादली, सेकंद दाखवणारं घड्याळ (मोबाइल चालेल), पाना, जुना मऊ टूथब्रश, विजेरी आणि रासायनिक कामाचे नायट्राइल हातमोजे. शक्य असेल तर त्याच नंबरचं एक नवं नोझल. हे नोझल सगळ्यात उपयोगी पडतं, का ते प्रश्न ७ मध्ये आहे.

हातमोजे टाकी उघडण्यापूर्वीच घाला. "धुतलाय" असं कुणी कितीही सांगितलं तरी वापरलेला पंप विषाचा आहे असंच धरून हाताळायचं. झाकणाला नाक लावून वास घेऊ नका, बंद नोझल तोंडानं फुंकू नका. आणि चाचणी फक्त स्वच्छ पाण्यावर. विकणारा औषध भरलेला पंप चालवून दाखवत असेल तर टाकी रिकामी करून धुवायला सांगा, त्यानंतर पाहा.

४. विकणाऱ्याला सगळ्यात आधी काय विचारू?

"यातून तणनाशक मारलंय का? कोणतं?" पंपाचं वय, इंजिन, किंमत हे सगळं या प्रश्नानंतर.

माझा पहिला वापरलेला पंप दिसायला उत्तम होता. टाकी आतून पांढरी, दाब भरपूर. मी त्यातून टोमॅटोवर बुरशीनाशक मारलं. चौथ्या दिवशी शेंड्याची पानं अरुंद होऊन वाटीसारखी मुडपली, देठ पिळवटल्यासारखे वाकले. मला आधी बोकड्याच (पानं मुडपणारा रोग) वाटला. पण बांधावर उभं राहून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की सुरुवातीच्या तीन ओळी सगळ्यात जास्त बिघडल्या होत्या, पुढे नुकसान कमी कमी होत गेलं होतं. रोग असा ओळ धरून चालत नाही. फवारणी मी त्याच बाजूनं सुरू केली होती आणि नळीत मुरलेलं तणनाशक पहिल्या पाण्याबरोबर बाहेर आलं होतं. टाकी मी स्वतः दोनदा विसळली होती. नळीचा विचारच केला नव्हता.

२,४-डी सारखी संप्रेरकासारखं काम करणारी तणनाशकं अगदी थोड्या अंशानंही टोमॅटो, कापूस, द्राक्ष, वेलवर्गीय आणि कडधान्य पिकांना इजा करतात. उत्तर "माहीत नाही" असं आलं तर ते "हो" समजा. असा पंप घ्यायचाच नाही असं नाही, पण नळ्या आणि रबर बदलण्याचा खर्च किमतीत धरा आणि प्रश्न १३ वाचूनच पिकात उतरा.

५. टाकीला बारीक चिरा आहेत. चालेल का?

चिरा कुठे आणि कशा आहेत यावर आहे. प्लॅस्टिकची टाकी उन्हात पडून राहिली की पृष्ठभाग पांढुरका, खडूसारखा होतो आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेषा येतात. त्या नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत. संशय आला तर तिथे पाण्यानं पुसली जाणारी शाई चोळा आणि लगेच ओल्या फडक्यानं पुसा. चिरांमध्ये शाई राहते आणि अख्खं जाळं उमटतं. जाळं उमटलं तर ती टाकी संपत आली आहे. अख्खी टाकी सहज मिळत असेल तरच पुढे बोला.

रिकामी टाकी काहीच सांगत नाही. काठोकाठ भरा, दहा मिनिटं थांबा आणि खालचा निचरा, फिटिंगची भोकं, पट्टे बसतात ते कोपरे, टाकी टेकते ती जागा हातानं चाचपून पाहा. चीर नेहमी ताण पडतो तिथूनच सुरू होते.

चिकटवलेल्या टाकीवर विश्वास ठेवू नका. या टाक्या बहुधा पॉलिथिलीनच्या असतात आणि त्यावर साधा गोंद धरत नाही. तापवून केलेलं प्लॅस्टिक वेल्डिंग ट्रॅक्टरच्या टाकीला चालू शकतं, पाठीवर घ्यायच्या टाकीला नको. गळती झाली तर ती थेट पाठीवर होते.

जस्ताचा मुलामा दिलेली किंवा साधी लोखंडी टाकी असेल तर ग्लायफोसेट त्यात कधीही भरू नका. त्याचा धातूशी संयोग होऊन हायड्रोजन वायू तयार होतो आणि तो पेट घेऊ शकतो.

६. पंप आतून चांगला आहे की नाही, न उघडता कसं कळेल?

दाब, पाण्याचं माप आणि तेल या तीन गोष्टींवरून.

पाणी भरून पंप चालू करा, गन बंद ठेवा आणि दाबाच्या काट्याकडे पाहा. काटा किंचित थरथरणं ठीक. मोठ्यानं मागेपुढे नाचत असेल तर आतला व्हॉल्व्ह झिजलाय, एअर चेंबरमधली हवा गेलीय किंवा सक्शनच्या बाजूनं पंप हवा ओढतोय. सक्शन नळी पारदर्शक असेल तर हवा बुडबुड्यांवरून लगेच दिसते. ती तर बहुधा क्लिप घट्ट करून किंवा नळी बदलून जाते. काटा अजिबात हलत नसेल तर गेजच बिघडलेलं असेल. इंजिन बंद केल्यावर काटा शून्यावर येतो का तेही बघा.

मग बायपास (टाकीत परत जाणारी वाट) आणि डिलिव्हरी (फवाऱ्याकडे जाणारी वाट) दोन्हीचं पाणी बादलीत घेऊन मिनिटाला किती लिटर येतं ते मोजा. हे माप तुम्ही रोज वापरणार त्या दाबावरच घ्या. मोकळ्या तोंडानं कोणताही पंप भरपूर पाणी फेकतो.

डायफ्राम (आत हलणारा रबरी पडदा) असलेल्या पंपात तेलाची छोटी काचेची किंवा प्लॅस्टिकची वाटी असते. पंधरा मिनिटं चालवल्यावर तेल दुधी झालं तर डायफ्राम फाटलाय आणि तेलात पाणी शिरतंय. डायफ्राम बदलता येतो. पण तसाच बराच काळ चालवला असेल तर आतले बेअरिंग गंजलेले असतात, म्हणून हात आखडता घ्या. एचटीपीच्या पिस्टन पंपात प्लंजरजवळून (पुढेमागे सरकणाऱ्या दांड्याजवळून) पाणी ठिबकतंय का पाहा. ठिबकणं पॅकिंग बदलून थांबतं. प्लंजरवर लांब ओरखडे असतील तर नवं पॅकिंगही लवकर फाटेल. कोरडा चालवलेल्या पंपाची ही नेहमीची खूण आहे.

७. नोझल झिजलंय हे कसं ओळखायचं? दिसायला तर बरं दिसतं.

दिसून कळत नाहीच. भोक इतकं बारीक असतं की झीज डोळ्याला दिसेपर्यंत नोझल केव्हाच बाद झालेलं असतं. माप घ्यावंच लागतं.

त्याच दाबावर, त्याच दांडीला आधी जुनं आणि मग नवं नोझल लावा आणि प्रत्येकाचं एक मिनिट पाणी मापाच्या भांड्यात घ्या. नवं ८०० मिली देत असेल आणि जुनं ८८० किंवा जास्त, म्हणजे दहा टक्क्यांवर, तर जुनं फेकून द्या. हाताच्या पंपावर मोजताना दांडा एकसारख्या लयीत हलवा, नाहीतर माप चुकतं. बूमवर सगळ्या नोझलखाली एकाच वेळी भांडी ठेवा. एक-दोनच सरासरीपेक्षा वेगळी निघाली तर तेवढी बदलून भागत नाही, बाकीचीही त्याच वयाची असतात. पूर्ण संच बदला.

माप बरोबर असूनही फवारा बिघडलेला असू शकतो. त्यासाठी कोरड्या काँक्रीटवर किंवा फरशीवर एकसारख्या चालीनं पाणी मारा आणि वाळताना पाहत राहा. एकसारखं वाळलं तर ठीक. ओले पट्टे मागे राहिले तर तिथे पाणी जास्त पडतंय, आणि पिकातही त्याच पट्ट्यात औषध जास्त, शेजारी कमी पडणार.

या मिनिटाभराच्या मापाला किती महत्त्व आहे ते बघा. ८०० मिलीचं नोझल झिजून एक लिटर देऊ लागलं की चार टाक्यांत होणाऱ्या एकराला पाच टाक्या लागतात. टाकीत औषधाचं प्रमाण तेच, म्हणजे दर एकराला एक टाकी औषध जास्त. जमिनीवर जास्त, खिशावर जास्त, फवारणाऱ्याच्या अंगावरही जास्त. नोझल हा अख्ख्या यंत्रातला सगळ्यात स्वस्त भाग, आणि हात आखडतो तो नेमका तिथेच. हे पाहून दर वेळी वाईट वाटतं.

पितळी नोझल सगळ्यात लवकर झिजतं, स्टेनलेस स्टील आणि चांगलं पॉलिमर त्याहून टिकतं, सिरॅमिक सगळ्यात जास्त. नोझल तुंबलं तर टूथब्रश आणि पाणी. तार, टाचणी, काटा घातला की भोकाची कड मोडते आणि नोझल तिथेच संपतं. विकणाऱ्याच्या पंपाला टाचणी अडकवलेली दिसली तर नोझल तपासायचीही गरज नाही, बदलायचंच.

८. नोझलच्या रंगांचा अर्थ काय? पंपासोबत चार वेगवेगळे रंग मिळालेत.

आयएसओ पद्धतीच्या नोझलला आकारानुसार रंग ठरलेले आहेत. ३ बार दाबाला मिनिटाला साधारण इतकं पाणी येतं: नारिंगी (०१) ०.४ लिटर, हिरवं (०१५) ०.६, पिवळं (०२) ०.८, जांभळं (०२५) १.०, निळं (०३) १.२, लाल (०४) १.६. पुढे तपकिरी, राखाडी, पांढरं असं मोठं होत जातं. सगळ्याच कंपन्या ही पद्धत पाळत नाहीत, त्यामुळे रंगावर अवलंबून न राहता मापून घ्या.

रंग हा आकार सांगतो, फवाऱ्याचा प्रकार सांगत नाही. चपटा पंखा तणनाशकाला आणि जमिनीवर सपाट पसरायला, पोकळ शंकू पानांच्या गर्दीत कीटकनाशक-बुरशीनाशक पोचवायला. एका बूमवर दोन रंग किंवा दोन प्रकार मिसळलेले दिसले तर आधीच्या मालकानं हाताला येईल ते लावलंय, आणि बाकीची देखभालही तशीच असण्याची शक्यता मोठी.

९. दाब कमी येतोय. प्रेशर वाढवून काम भागेल का?

नाही. पाणी दाबाच्या प्रमाणात वाढत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. नोझलमधून दुप्पट पाणी हवं तर दाब चौपट करावा लागेल. तेवढ्यात थेंबांचं धुकं होतं आणि ते वाऱ्यानं शेजारच्या शेतात जातं. पाणी जास्त हवं तर मोठं नोझल लावा. दाब मुळातच येत नसेल तर कारण पंपात आहे (प्रश्न ६) किंवा तुंबलेल्या गाळणीत. गाळणी आधी उघडून बघा, अनेकदा दोष तिथेच निघतो.

१०. बॅटरी पंप घेतोय. बॅटरी अजून किती चालेल?

वर्षावरून सांगता येत नाही, चालवून बघावं लागतं. पूर्ण चार्ज करून ठेवायला सांगा, पाणी भरा आणि सलग टाक्या मारा. टाक्यांची संख्या मोजाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या टाकीच्या फवाऱ्याची रुंदी सारखी आहे का ते पाहा. बॅटरी दमली की मोटर चालू राहते, आवाज येत राहतो, फवारा मात्र आखडतो. फवारणी चालू आहे असं वाटतं, आणि शेताच्या दुसऱ्या अर्ध्याला अपुरं औषध मिळतं.

अशा पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी सर्रास असते. ती डिस्चार्ज अवस्थेत महिनोन्महिने पडून राहिली की आत सल्फेटचा थर बसतो आणि ती बहुधा पूर्वपदावर येत नाही. म्हणून "गेल्या हंगामापासून वापरलाच नाही" हे बॅटरीच्या बाबतीत चांगलं लक्षण नाही. कडा फुगलेल्या असतील तर बॅटरी बाद. लिथियम बॅटरी असेल तर तिचाच चार्जर सोबत हवा, लेड-ॲसिडचा चार्जर तिला लावू नका.

किंमत ठरवताना बॅटरीची किंमत शून्य धरा. चांगली निघाली तर तो तुमचा फायदा.

११. पेट्रोल इंजिनचा पंप किंवा ब्लोअर तपासताना काय बघू?

पोचल्यावर आधी इंजिनवर हात जवळ नेऊन ते थंड आहे का पाहा. गरम इंजिन सुरू होतंच. तुम्ही यायच्या आधी ते चालवून ठेवलं असेल तर थंड होईपर्यंत थांबा आणि मग दोरी ओढा. दोरी ओढताना ठरावीक ठिकाणी घट्ट अडसर जाणवला पाहिजे. सहज सुटत असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय आणि तो खर्च मोठा आहे. दोरी ठीक पण इंजिन धडपडत असेल तर जुन्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमध्ये असतो, तो साफ होतो.

टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये तेल किती घालता ते विचारा. यंत्रानुसार हे प्रमाण २५ ला १ पासून ५० ला १ पर्यंत असतं. विकणाऱ्याला सांगता आलं नाही तर इंजिन आतून ओरखडलेलं असू शकतं.

शेवटी भरलेला पंप पाठीवर घ्या आणि दहा मिनिटं चालवून पाहा. ब्लोअरचा थरथराट, पट्ट्याचा काच, खांद्यावरचं ओझं हे उभ्यानं पाहून कळत नाही. जो माणूस रोज फवारणार आहे त्यानंच हे करायचं.

१२. ट्रॅक्टरचा छोटा बूम मिळतोय. माझ्या ट्रॅक्टरला झेपेल?

वजनापासून सुरुवात करा. ४०० लिटर टाकीत ४०० किलो पाणी, वर चौकट आणि पंप. हे सगळं मागच्या लिंकेजवर लटकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. चढावर स्टिअरिंग ऐकेनासं होतं. ट्रॅक्टरची उचलण्याची क्षमता पुस्तिकेत पाहा आणि गरज असेल तर पुढे वजन लावा. लहान ट्रॅक्टरला २०० लिटरची टाकी आणि दोन फेऱ्या जास्त, हे बरं.

मग पंप पुरेसा आहे का. १२ निळी नोझल म्हणजे मिनिटाला १४.४ लिटर. ४०० लिटर टाकीतलं औषध ढवळत ठेवायला टाकीच्या निदान पाच टक्के, म्हणजे २० लिटर. झाले ३४.४. झिजेसाठी वीस टक्के वर धरा, म्हणजे प्रत्यक्ष मापात मिनिटाला ४० लिटरच्या आसपास देणारा पंप हवा. पाटीवरचा आकडा नव्या पंपाचा असतो, तुम्ही मोजलेला घ्या. ढवळणी कमी पडली तर पाण्यात विरघळून न जाणाऱ्या भुकट्या तळाशी बसतात. टाकीचा पहिला भाग दाट, शेवटचा नुसतं पाणी.

बूम उघडून टोक हलवून पाहा. सांध्यात खेळ असेल तर शेतात टोक वरखाली डोलतं. ११० अंशांची नोझल ५० सेंटिमीटर अंतरावर असतील तर ती पिकाच्या शेंड्यापासून साधारण ५० सेंटिमीटर उंचीवर चालली पाहिजेत, ८० अंशांची ७५ च्या आसपास. बंद केल्यावर काही सेकंदांत ठिबकणं थांबतं का? नाहीतर नोझलमागचे छोटे डायफ्राम बदला, स्वस्त असतात.

पीटीओ शाफ्टवर (ट्रॅक्टरची ताकद पंपाला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) संरक्षक आवरण नसेल तर ते बसवल्याशिवाय यंत्र चालवू नका, चाचणीलाही नाही. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. सैल बाही किंवा पदर गुंडाळला गेला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

१३. तणनाशक मारलेला पंप धुऊन पिकाला वापरता येतो का?

येतो, पण विसळून नाही, रीतसर धुऊन. आणि ज्या घरात संवेदनशील पिकं आहेत तिथे तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं हाच खरा उपाय. एक जुना हाताचा पंप त्याच कामाला ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात "तण" लिहा.

धुवायची रीत अशी. टाकी पूर्ण रिकामी करा आणि तीन वेळा थोड्या थोड्या पाण्यानं धुवा, प्रत्येक पाणी नळी आणि दांडीतून बाहेर काढा. एकदाच टाकी भरून ओतण्यापेक्षा तीनदा थोडं पाणी जास्त स्वच्छ करतं. नोझल आणि गाळण्या काढून साबणाच्या पाण्यात वेगळ्या भिजवा. मग १०० लिटर पाण्याला एक लिटर घरगुती अमोनिया या प्रमाणात द्रावण भरा, थोडं नळीतून सोडा म्हणजे नळीही भरेल, आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी काढून दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. आधी वापरलेल्या तणनाशकाच्या लेबलवर वेगळी रीत दिली असेल तर तीच पाळा. अमोनियासोबत ब्लीच कधीही नको, दोन्ही मिळून विषारी वायू होतो. धुण्याचं पाणी विहीर, ओढा, गोठ्यापासून दूर.

रबरी नळ्या आणि वॉशर मात्र तणनाशक शोषून घेतात, हे मी प्रश्न ४ मध्ये सोसलेलं आहे. ते बदला.

एवढं करूनही खात्री करून घ्या. धुतलेल्या टाकीतलं साधं पाणी टोमॅटोच्या किंवा घेवड्याच्या चार-पाच रोपांवर मारा आणि आठ-दहा दिवस शेंड्याची नवी पानं पाहत राहा. मुडपली तर अजून धुवायचं बाकी आहे.

१४. कंपनीचं नाव पुसलं गेलंय, सुटे भाग मिळतील का?

नावापेक्षा मापं महत्त्वाची. दांडी आणि नोझलचे आटे, नळीचा आतला व्यास, वॉशरचा आकार हे चालू मापांत बसत असतील तर काळजी नाही. घेण्यापूर्वी एक वॉशर आणि एक सील काढून दुकानात जुळवून बघा. पंपाचं धडच अनोळखी असेल आणि डायफ्राम किंवा व्हॉल्व्ह कुठे जुळत नसेल तर सोडून द्या. नवं रबर घेताना द्रावक असलेल्या औषधांना टिकणारं, विटॉनसारखं घ्या. साधं रबर अशा औषधांत फुगतं.

१५. हवा भरून दाबाखाली ठेवायचा छोटा पंप आहे, टाकीला वेल्डिंग केलंय. चालेल?

घेऊ नका. बाकीच्या पंपांत टाकी फक्त पाणी धरते, यात टाकीच दाब धरते. फुटली तर औषधासकट तुमच्या अंगावर फुटते. वेल्डिंग, खोल ठोका, गंजाचे पापुद्रे किंवा जाम झालेला सुरक्षा व्हॉल्व्ह, यांतलं एक जरी दिसलं तरी नको.

१६. दोघं-तिघं मिळून एक पंप घ्यावा का?

पीक सारखं असेल आणि तणनाशकाचा पंप वेगळा असेल तर जरूर. पिकं वेगळी असतील तर प्रश्न १३ दर हंगामात नव्यानं उभा राहतो, आणि धुतला कुणी हे कुणालाच नक्की आठवत नाही. शिवाय रोग एकाच आठवड्यात सगळ्यांच्या शेतात येतो, पंप मात्र एकच असतो.

१७. पंप घरी आणला. आता पहिल्या दिवशी काय करू?

प्रश्न १३ प्रमाणे धुवा, प्रश्न ४ ला विकणाऱ्याकडून उत्तर काहीही मिळालं असलं तरी. नोझल, वॉशर, गाळणीची जाळी बदला. मग औषध न घालता एकरी किती पाणी पडतं ते काढा.

पाठीवरच्या पंपासाठी पिकात १० बाय १० मीटरचा चौकोन आखा. टाकी एका खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या चालीनं तेवढा चौकोन फवारा आणि पुन्हा खुणेपर्यंत यायला किती पाणी लागलं ते मोजा. त्याला ४० नं गुणलं की साधारण एकरी पाणी, १०० नं गुणलं की हेक्टरी. १.६ लिटर लागलं तर एकरी ६४ लिटर, म्हणजे १६ लिटरच्या चार टाक्या. एकराचं औषध या चार टाक्यांत वाटायचं. चाल माणसागणिक बदलते, त्यामुळे फवारणारे दोघं असतील तर दोघांचं माप वेगळं घ्या.

बूमसाठी ५० मीटर अंतर कापायला लागलेले सेकंद मोजा. १८० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ३६ सेकंद लागले तर ताशी ५. मग एका नोझलचं मिनिटाचं पाणी लिटरमध्ये घेऊन २४० नं गुणा आणि वेग गुणिले नोझलमधलं अंतर (मीटरमध्ये) यानं भागा. ०.८ लिटर, वेग ५, अंतर ०.५ असेल तर एकरी साधारण ७७ लिटर.

आलेला आकडा, नोझलचा रंग, दाब आणि तारीख टाकीवर पक्क्या मार्करनं लिहून ठेवा. नोझल बदललं की खोडा आणि पुन्हा मोजून नवा लिहा.